उरलेल्या रंगाचे काय करायचे? आधी त्यात पाणी घातले आहे का ते बघा

प्रश्न असा आहे: दिवाळीआधी दोन बेडरूमच्या फ्लॅटला रंग काढला. वीस लिटरच्या बादलीतून साडेचार लिटर इंटिरिअर इमल्शन उरले. शिवाय पेंटरने पाणी घालून तयार केलेले दोनेक लिटर वेगळ्या डब्यात आहे. ग्रिलचा ऑइल पेंट अर्धा लिटर, पुट्टीची अर्धी गोणी आणि बाटलीभर थिनरही पडून आहे. सगळे गच्चीवर, पाण्याच्या टाकीखालच्या खोलीत ठेवले आहे. हे किती दिवस टिकेल, पुढे कशाला वापरावे, आणि बाल्कनीला बाहेरून हाच रंग दिला तर चालेल का?

पाणी घातलेले दोन लिटर आधी वेगळे काढा. ते साठवायचे नाही, आज-उद्यात कुठेतरी लावून संपवायचे. बाकीच्या प्रत्येक वस्तूला नीट ठेवले तर आयुष्य आहे, याला नाही. "वर्षभराने डबा उघडला तर घाण वास आला, कंपनीचा मालच खराब" ही तक्रार बहुतेक वेळा अशाच पाणी घातलेल्या रंगाची असते.

इमल्शन म्हणजे पाण्यात तरंगणारे अ‍ॅक्रिलिकचे बारीक कण, त्यात पांढरेपणासाठी टायटॅनियम डायऑक्साइड, खडूसारखी भर, दाटपणासाठी सेल्युलोजपासून केलेले द्रव्य आणि थोडे जंतुनाशक. जंतुनाशकाचे प्रमाण डब्यातल्या घट्ट रंगाला पुरेल इतके मोजून घातलेले असते. पेंटर त्यात लिटरला चारशे-पाचशे मिलिलिटर पाणी घालतो. त्याने जंतुनाशक पातळ होते, आणि नळाचे किंवा बोअरचे पाणी, बादलीच्या तळाची माती, भिंतीवर फिरून आलेला रोलर यांच्याबरोबर जीवाणू आत येतात. दाटपणा देणारे सेल्युलोज हे त्यांचे खाद्य. ते तोडणारे विकर (एन्झाइम) जीवाणू सोडतात आणि रंग ताकासारखा पातळ होतो, मग आंबट किंवा सडक्या अंड्यासारखा वास येतो. वरून डेटॉल, फिनेल, ब्लीच काहीही ओतले तरी उपयोग नाही. जीवाणू मेले तरी विकर तिथेच राहते, आणि ब्लीचने रंगछटा बिघडते ती वेगळीच. पाणी मिसळलेला रंग २४ तासांत वापरा, अशी सूचना इमल्शनच्या डब्यांवर असते ती याचसाठी.

पाणी घातले आहे की नाही याची खात्री नसेल तर काठी बुडवून उचला. घट्ट रंग दह्यासारखा काठीला धरून राहतो आणि जाड धारेने, तुटत तुटत पडतो. पाणी घातलेला रंग कढीसारखा सरळ ओघळतो आणि काठीचे लाकूड खालून दिसते.

तुमच्या त्या दोन लिटरमध्ये मूळचा रंग सव्वा-दीड लिटर असेल. गुळगुळीत भिंतीवर एका हाताला (म्हणजे एका थराला) दोनशे-अडीचशे चौरस फूट सहज निघेल. माळ्याच्या आतली बाजू, मोठ्या कपाटामागची भिंत, स्टोअर अशा जागी लावून टाका. मात्र वास येऊ लागला असेल तर लावू नका. कुजलेल्या रंगाचा वास सुकल्यावर गेल्यासारखा वाटतो आणि पावसाळ्यात भिंतीला दमट हवा लागली की परत येतो.

पुढच्या वेळी पेंटरला एवढेच सांगा की अख्ख्या बादलीत पाणी ओतू नको, त्या दिवसाला लागेल तेवढा चार-पाच लिटर रंग दुसऱ्या बादलीत काढ आणि पाणी त्यातच घाल. संध्याकाळी त्यातला उरलेला परत मूळ डब्यात टाकू नको. भांडेभर पाणी घातलेल्या रंगाने दहा लिटर चांगला रंग नासतो. काही जण मिसळायचे सोपे पडते म्हणून ऐकत नाहीत. तिथे थोडे अडून बसावे.

आता साडेचार लिटर घट्ट इमल्शन. हे सगळे जपून ठेवायची गरज नाही. खिळ्यांची भोके, फर्निचरचे ओरखडे, स्विचबोर्डाभोवतीचे डाग यांना पाच वर्षांत लिटर-दीड लिटरच्या वर लागत नाही. तेवढेच ठेवा, उरलेले तीन लिटर या हिवाळ्यातच कुठेतरी लावा. तीन लिटर म्हणजे दोन हात धरून तीनशे ते चारशे चौरस फूट, थोडक्यात एका लहान खोलीच्या चारही भिंती. "कधीतरी लागेल" म्हणून ठेवलेला मोठा साठा शेवटी कचऱ्यातच जातो.

दीड लिटर रंग वीस लिटरच्या बादलीत तसाच ठेवला तर वर साडेअठरा लिटर हवा राहते. बादलीच्या भिंतींना लागलेला रंग सुकतो, त्याचे पापुद्रे सुटून आत पडतात आणि पुढे भिंतीवर रव्यासारखे दाणे दिसतात. म्हणून रंग लहान भांड्यात काढायचा. काढताना जुन्या नायलॉनच्या मोज्यातून किंवा पातळ ओढणीतून गाळून घ्या.

भांडे प्लास्टिकचे, जाड आणि फिरवून लावायच्या, आट्याच्या झाकणाचे असावे. पत्र्याचा डबा इमल्शनला फारसा बरा नाही. झाकणाच्या कडेला पेचकसने ओरखडे पडले की तिथे गंज धरतो आणि फिकट रंगात तांबूस ठिपके उतरतात. लोणच्याची किंवा तेलाची बरणी, कितीही घासली तरी, नको. तेलाचा अंश राहिला तर भिंतीवर रंग बारीक गोल खड्ड्यांनी फाटतो, आणि मिठाने इमल्शन फुटून गुठळ्या होतात. बरणी साबणाने धुऊन, शेवटी उकळते पाणी फिरवून पूर्ण वाळवा. रंग वरपर्यंत भरा, बोटभर जागा ठेवा. रंगाच्या पृष्ठभागालाच चिकटेल असा पातळ प्लास्टिकचा तुकडा टाका, मधली हवा बोटाने दाबून काढा. कडा ओल्या फडक्याने स्वच्छ पुसा आणि मग झाकण लावा. कडेवर रंग राहिला की झाकण आज घट्ट वाटते, सहा महिन्यांनी मात्र त्या सुकलेल्या रंगाच्या फटीतून हवा आत जाते.

दाबून बसणाऱ्या झाकणाचा डबा असेल तर ते उघडायला पेचकस वापरू नका. कड वाकते आणि पुन्हा पूर्ण बसत नाही. चमच्याचे सपाट टोक फिरवत थोडे थोडे उचला. बंद करताना झाकणावर लाकडाचा ठोकळा ठेवून त्यावर हलके ठोका. हातोडी थेट मारली की झाकण मधे खोलगट होते आणि कड उचलली जाते.

डबा उलटा ठेवावा, असा सल्ला तुम्ही ऐकला असेल. तो अर्धा बरोबर आहे. रंग झाकणाच्या फटीत भरून हवा अडवतो हे खरे, आणि ऑइल पेंटच्या लहान पत्र्याच्या डब्याला ते उपयोगी पडते, कारण साय धरली तरी ती सरळ केल्यावर तळाशी जाते. पण त्याआधी झाकण खरोखर घट्ट आहे का हे डबा तासभर थाळीत उलटा ठेवून बघावे लागते. तोटी असलेल्या प्लास्टिकच्या बादल्या उलट्या ठेवल्या तर माळ्यावरून रंग ओघळलाच म्हणून समजा. बरणी तोंडापर्यंत भरलेली असेल तर उलटे-सुलटे करण्याची गरजच राहत नाही.

पाण्याच्या टाकीखालच्या खोलीतून मात्र सगळे आजच खाली आणा. वर स्लॅब, पत्र्याचे दार, हवा नाही. मे महिन्यात विदर्भात-खानदेशात बाहेरच पारा ४५ अंशांवर जातो, तिथे बंद खोलीत त्याहून जास्त. या उष्णतेत इमल्शन दाट होऊन गाठी धरते. ऑइल पेंट आणि थिनरची गोष्ट याहून गंभीर आहे. रंगाच्या दुकानात मिळणाऱ्या मिनरल टर्पेंटाइनची वाफ साधारण ३५ ते ४० अंशांवरच पेट घेण्याजोगी होते. लाकडी पॉलिशच्या एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनरची वाफ तर आपल्या रोजच्या तापमानाला. पंप दुरुस्त करायला आलेल्या माणसाने तिथे विडी पेटवली तर काय, याचा विचार करा. इमल्शन बेडरूमच्या माळ्यावर किंवा कपाटाच्या तळाशी चालते. ऑइल पेंट आणि थिनर स्वयंपाकघर, गॅस गीझर, देवघराची समई आणि इन्व्हर्टरपासून लांब, सावलीतल्या हवेशीर बाल्कनीत, कुलपाच्या कप्प्यात ठेवा. सोसायटीची मीटररूम आणि जिन्याखालची जागा दोन्ही नकोत. आग लागली तर बाहेर पडायची वाट तीच असते. कोकणात आणि मुंबईत पत्र्याचा डबा थेट फरशीवर न ठेवता लाकडी फळीवर ठेवा, नाहीतर दोन पावसाळ्यांत तळ गंजून झिरपतो.

थंडीचा त्रास आपल्याकडे नाही. जिथे हिवाळ्यात गॅरेज गोठते अशा देशात राहणाऱ्यांनी इमल्शन घरात आणावे. एकदा गोठून दह्यासारखे फुटलेले इमल्शन पुन्हा एकजीव होत नाही.

डब्यावर चिठ्ठी लावणे हे सगळ्यात कंटाळवाणे आणि सगळ्यात उपयोगाचे काम. फक्त "हॉलचा रंग" लिहून भागत नाही. चिठ्ठी साधारण अशी हवी: "हॉल, खिडकीची भिंत सोडून तीन भिंती. कंपनी आणि मालाचे पूर्ण नाव. शेड कोड, बेस क्रमांक. बॅच क्रमांक, उत्पादन महिना. पाणी घातलेले नाही. लावताना लिटरला ४०० मिलि पाणी, ९ इंची रोलर, दोन हात. ऑक्टोबरमध्ये काढला." दुकानातल्या टिंटिंग मशिनने डब्याला चिकटवलेल्या पट्टीवर छटेचा कोड, बेस (ज्या मूळ रंगात ती छटा मिसळली तो) आणि रंगद्रव्यांची मात्रा असते. तिचा फोटो काढून ठेवा, कारण ती शाई वर्षभरात उडते. झाकणावर रंगाचे बोट ओढून ठेवले की उघडल्याशिवाय छटा कळते. चिठ्ठी डब्याच्या अंगावर लावा. झाकणे एकमेकांत बदलतात.

न उघडलेल्या इमल्शनला कंपन्या साधारण तीन वर्षे देतात, उत्पादनाच्या तारखेपासून. दुकानात डबा आधीच वर्षभर पडलेला असू शकतो. उघडलेला पण पाणी न घातलेला, वरीलप्रमाणे भरलेला रंग दीड-दोन वर्षे खात्रीने आणि पुष्कळदा त्याहून जास्त चालतो.

ऑइल पेंटचे गणित वेगळे. इथे जीवाणूंचा प्रश्न नाही, शत्रू हवा आहे. इनॅमल, म्हणजे हाच ऑइल पेंट, सुकते ते टर्पेंटाइन उडून आणि मग तेलाच्या राळेने हवेतला ऑक्सिजन घेऊन. डब्यात हवा राहिली की तीच क्रिया आत सुरू होते आणि वर साय धरते. अर्धा लिटर पेंट एक लिटरच्या डब्यात ठेवण्यापेक्षा अर्ध्या लिटरच्या डब्यात गच्च भरा. भरल्यावर वरून दोन-तीन मिलिमीटर जाडीचा टर्पेंटाइनचा थर अलगद सोडा, ढवळू नका. हवा आणि पेंटच्या मधे तो पडदा होतो. वापरताना तोच मिसळून घ्यायचा. शीतपेयाच्या किंवा पाण्याच्या बाटलीत ना पेंट ना थिनर. तुमचे थिनर बाटलीत आहे असे लिहिले आहे, ती बाटली आधी बदला. मूळ डबा नसेल तर दुकानातून झाकणाचा पत्र्याचा लहान डबा आणा. मुले पाणी समजून पितात. असे झालेच तर उलटी करायला लावायची नाही, ते फुप्फुसात जाते. बाटली बरोबर घेऊन लगेच दवाखाना गाठायचा.

साय धरलेला ऑइल पेंट फेकायची घाई नको. साय ढवळून मोडू नका. कडेने सुरी फिरवून ती पोळीसारखी अख्खी उचला, खालचा पेंट नायलॉनच्या कापडातून गाळा, आणि तळाशी बसलेला गाळ सपाट पट्टीने खरवडून पाच-सात मिनिटे नीट घोटा. घट्ट वाटला तर टर्पेंटाइन, दहा टक्क्यांच्या आत. रॉकेल नको. ते स्वस्त म्हणून घालणारे अजून भेटतात, पण ते सावकाश उडते, पेंट चार-चार दिवस चिकट राहतो आणि चमक मरते. पेट्रोलचे तर नाव काढू नका. सायीचा थर अर्ध्या इंचाहून जाड असेल, किंवा खालचा पेंट रबरासारखा ताणत असेल, तर त्याचा कारभार संपला.

पुट्टीची अर्धी गोणी ही तुमच्या यादीतली सगळ्यात नाजूक वस्तू. पांढऱ्या सिमेंटची पुट्टी हवेतला दमट ओलावा घेऊन गोणीतच जमू लागते. दोन-दोन किलोच्या जाड प्लास्टिक पिशव्यांत भरा, हवा दाबून काढा, तोंड टेपने बंद करा आणि सगळ्या पिशव्या झाकणाच्या डब्यात ठेवा. तरी पुढचा पावसाळा यायच्या आत संपवलेली बरी. बोटांनी सहज न मोडणाऱ्या गुठळ्या झाल्या असतील तर त्या चाळून-कुटून वापरू नका. ते सिमेंट आधीच पाणी पिऊन बसले आहे, भिंतीवर पकड धरत नाही आणि पॉलिश पेपर लावताच पीठ होऊन गळते. सिमेंट पेंटच्या पावडरीलाही हाच नियम. डब्यातली तयार अ‍ॅक्रिलिक पुट्टी मात्र इमल्शनसारखी, वर प्लास्टिक चिकटवून ठेवली की राहते. या सगळ्यात उलट स्वभावाचा एकच, भिजवलेला चुना. तो पाण्याखाली बुडवून ठेवला तर वर्षानुवर्षे टिकतो आणि उलट मऊ होत जातो.

लाकडावर पीयूचे (पॉलियुरेथेन पॉलिशचे) काम झाले असेल आणि हार्डनरची, म्हणजे त्यात मिसळायच्या घट्ट करणाऱ्या द्रव्याची, अर्धी बाटली उरली असेल, तर तिच्यावर भिस्त ठेवू नका. उघडलेला हार्डनर हवेतल्या बाष्पाशी जुळून घट्ट होतो. बेस आणि हार्डनर एकत्र केलेला माल तर काही तासांचाच.

आता वर्षभराने इमल्शनची बरणी उघडली असे धरू. वर पाण्याचा किंचित पिवळट थर दिसला तर घाबरू नका, ते सुटे झालेले पाणी आहे. ओतून टाकू नका, ढवळून आत घ्या. आधी वास घ्या. ताज्या इमल्शनला सौम्य अमोनियासारखा वास असू शकतो, तो चालतो. आंबट, गटारासारखा, अंड्याचा वास चालत नाही. वर हिरवट-काळी बुरशी दिसली तर बुरशी काढून खालचा वापरण्याचा मोह टाळा. मग सपाट पट्टीने तळापासून वर पाच मिनिटे ढवळा. ड्रिलला पाते लावून वेगाने फिरवले तर फेस होतो आणि भिंतीवर सुईची भोके राहतात. पुठ्ठ्यावर एक हात ओढा, चोवीस तास सुकू द्या, ओल्या बोटाने घासा. रंग बोटाला आला किंवा पापुद्रा सुटला तर बाइंडर, म्हणजे रंगाला धरून ठेवणारे द्रव्य, गेला आहे.

टच-अपमध्ये रंग तोच असूनही डाग उठून दिसतो, ही दुसरी नेहमीची तक्रार. कारणे तीन. पहिले, भोकात पुट्टी भरून त्यावर थेट रंग लावला. कोरडी पुट्टी रंगातले पाणी शोषते आणि तिथे मंद, कोरडा ठिपका दिसतो. पुट्टी सुकल्यावर २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, धूळ पुसा, त्या टिकलीएवढ्या जागेलाच प्रायमर लावा, मग रंग. दुसरे, भिंत रोलरने केलेली आणि डाग ब्रशने. रोलर बारीक संत्र्याच्या सालीसारखा पोत ठेवतो, ब्रश रेघा ठेवतो, आणि तिरक्या उजेडात फरक ओरडून दिसतो. चार इंची लहान रोलर घ्या, पाण्याचे प्रमाण चिठ्ठीतलेच ठेवा, कड बाहेरच्या बाजूला कोरड्या रोलरने विरत न्या. तिसरे, भिंतच बदलली आहे. दोन-तीन वर्षांच्या उन्हाने, धुराने, पुसण्याने तिची छटा उतरलेली असते आणि बरणीतला रंग मात्र पहिल्या दिवसाचा आहे. याला टच-अप हा उपाय नाही. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ती एक भिंत पूर्ण करा. दोन भिंतींवर उजेड वेगळा पडतो, त्यामुळे कोपऱ्यात बारीक फरक डोळ्याला कळत नाही. मॅट, म्हणजे बिनचमकीच्या, फिनिशमध्ये टच-अप बऱ्यापैकी लपतो, सॅटिन आणि शीनच्या चमकदार भिंतीवर जवळजवळ कधीच नाही. तिथे वेळ घालवण्यात अर्थ नाही.

भिंत पूर्ण करायला बरणीतला रंग कमी पडणार असेल तर त्याच कोडचा नवा डबा आणून दोन्ही एकत्र करा, आणि मगच सुरुवात करा. अर्धी भिंत जुन्याने, अर्धी नव्याने केली तर बॅचमधला फरक मधोमध रेघ होऊन दिसतो. नवा डबा एक लिटरचाच घ्या. मशिनवर रंगवलेला डबा दुकानदार परत घेत नाही.

बाल्कनीचे उत्तर: आतल्या बाजूला, छताखाली, जिथे पावसाची झड पोचत नाही तिथे चालेल. बाहेरच्या भिंतीला नाही. एक्स्टीरिअर इमल्शनमध्ये शेवाळ-बुरशीरोधक द्रव्ये आणि ऊन-पाऊस झेलणारा, थोडा लवचीक बाइंडर असतो. इंटिरिअर इमल्शन बाहेर लावले तर पहिल्या जून ते सप्टेंबरमध्येच काळे-हिरवे पट्टे येतात, उरलेले हात लावताच खडूसारखे निघते. मग ते सगळे खरवडून काढल्याशिवाय त्यावर चांगला रंगही धरत नाही, म्हणजे वाचवले शंभर आणि घालवले हजार. उलटे, बाहेरचा उरलेला रंग बेडरूममध्ये लावणेही टाळा. ती बुरशीरोधक द्रव्ये बंद खोलीसाठी नसतात.

वेगवेगळे उरलेले रंग एकत्र करायचे असतील तर गोत्र जुळले पाहिजे. इमल्शनमध्ये इमल्शन, ऑइलमध्ये ऑइल. इमल्शन आणि ऑइल पेंट एकत्र केले तर दही फुटल्यासारखे होते. डिस्टेंपर आणि इमल्शन मिसळतात, पण पुसल्यावर टिकण्याची ताकद डिस्टेंपरच्या पातळीला येते. स्टोअर किंवा छतापुरते ठीक. मॅट आणि सॅटिन मिसळले तर चमक मधलीच कुठली तरी येते. चार-पाच फिकट छटा एकत्र केल्या की मातकट गुलाबी किंवा राखाडी असा न आवडणारा रंग होतो. त्याला काळ्या स्टेनरचे (छटा देणाऱ्या दाट रंगद्रव्याचे) थोडे थेंब देऊन सरळ राखाडी करणे सोपे. स्टेनर लिटरला २०-२५ मिलिलिटरच्या वर नको, रंग सुकायला रडतो आणि पुसताना सुटतो. आधी वाटीभरात करून, पुठ्ठ्यावर सुकवून बघा, ओला रंग आणि सुका रंग यांत फरक पडतो. मिश्रण एकाच वेळी, सगळ्या जागेला पुरेल एवढे करा. तीच छटा दुसऱ्यांदा जमत नाही.

गडद भिंत फिकट करायची असेल तेव्हा असा राखाडी-पांढरा उरलेला रंग पहिल्या हाताला उत्तम. नव्या महागड्या रंगाचा एक हात वाचतो. मातीच्या कुंड्यांना बाहेरून एक्स्टीरिअर रंग लावता येतो, आतून नाही. ओलावा आतून येत राहतो, त्यामुळे पापुद्रे दोन-तीन वर्षांत निघतातच. ऑइल पेंट ग्रिल, बिजागरी, गंजलेला कूलरचा स्टँड यांवर संपवा, पण गंज १२० नंबरच्या पेपरने घासून, रेड ऑक्साइड प्रायमर लावून.

माळ्यावर जुने ऑइल पेंटचे डबे सापडले तर एक तारीख लक्षात ठेवा. घरगुती रंगात शिशाचे प्रमाण ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भागांच्या) आत ठेवण्याचा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या पिवळ्या, नारिंगी, लाल, हिरव्या इनॅमलमध्ये शिशाची रंगद्रव्ये असण्याची शक्यता बरीच. असे डबे पाळणा, खेळणी, मुलांच्या खोलीची खिडकी यांना अजिबात वापरू नका. जुन्या घराची तशी रंगवलेली दारे कोरडी घासू नका. ओल्या पेपरने घासा, खाली प्लास्टिक अंथरा आणि पुसून गोळा करा.

टाकून द्यायची वेळ आली तर इमल्शन मोरीत, गटारात, नाल्यात ओतायचे नाही. पाइपात ते जमते आणि पुढे पाण्यात जाते. लिटरभर असेल तर पुठ्ठ्यावर, भुश्यात किंवा वाळूत ओतून, मूठ-दोन मूठ सिमेंट मिसळून मोकळ्या हवेत घट्ट होऊ द्या आणि ढेकूळ कागदात गुंडाळा. ऑइल पेंट आणि थिनर असे सुकवण्यापेक्षा डबा बंद करून वेगळा द्या. घनकचरा व्यवस्थापनाच्या नियमांनुसार रंगाचे टाकाऊ डबे ओल्या-सुक्या कचऱ्यात न टाकता वेगळे द्यायचे असतात. वॉर्ड ऑफिसकडे त्याचे संकलन कधी, कुठे असते ते विचारून त्या दिवशी द्या. बेल तेल (उकळलेले जवसाचे तेल) किंवा ऑइल पेंट पुसलेली फडकी बोळा करून पिशवीत कोंबू नका. तेल सुकताना उष्णता सुटते आणि बोळ्यात ती साठून फडके आपोआप पेटू शकते. दोरीवर एकेक पसरून वाळवा.

राहिली वीस लिटरची रिकामी बादली. घरोघरी ती वापरली जातेच. रंग ओला असतानाच धुवा, सुकल्यावर तो कडेने वर्षभर सुटत राहतो. फरशी पुसायला, बागेला, गाडी धुवायला खुशाल घ्या. पिण्याचे पाणी, धान्य, पीठ, लोणच्याच्या कैऱ्या यांना नको. जंतुनाशक आणि रंगद्रव्ये प्लास्टिकात थोडी मुरतात आणि ती बादली कितीही घासली तरी अन्नासाठी बनलेली नसते.